अपुऱ्या दिवसांचं बाळ एनआयसीयूतून घरी आणताना

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाच्या ठोक्यांवर, श्वासावर आणि ऑक्सिजनवर मॉनिटरची नजर असते. काही बिनसलं की तो आवाज करतो. घरी हे काम आईवडिलांच्या डोळ्यांवर आणि हातांवर येतं. म्हणून पाळणा आणि कपड्यांच्या आधी दोन गोष्टींची तयारी करा. बाळाचं नेहमीचं वागणं, श्वास, रंग आणि दूध पिण्याची पद्धत दवाखान्यात असतानाच ओळखीची करून घ्या. आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्या. घरी गेल्यावर जी मोठी नुकसानं होतात, त्यांतली बरीचशी एखादं लक्षण उशिरा ओळखल्यामुळे किंवा तारीख चुकल्यामुळे होतात.

डिस्चार्ज कशावर ठरतो

वजनाचा एकच आकडा सगळ्यांना लागू नसतो. डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी पाहतात. वॉर्मरबाहेर (ऊब देणाऱ्या यंत्राबाहेर), साध्या पाळण्यात अंगाचं तापमान टिकतं का? सगळं दूध न दमता घेता येतं का? वजन रोज वाढतंय का? आणि श्वास थांबण्याचा प्रकार, म्हणजे अॅप्निया, गेले काही दिवस झालेला नाही ना? श्वासासाठी कॅफिन सुरू असेल तर ते बंद केल्यावरही काही दिवस थांबावं लागतं, कारण इतक्या लहान बाळाच्या अंगातून ते फार हळू बाहेर पडतं. औषध बंद झालं म्हणजे त्याचा असर संपला असं नाही. या दिवसांत पुन्हा श्वास थांबला तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. घरच्यांना हे थांबणं जड जातं, पण इथे घाई करायला सांगू नका.

निघण्याआधीचे दोन दिवस

शक्य असेल तर शेवटचे २४ ते ४८ तास आईने (किंवा जो कोणी रात्री बाळाजवळ असणार आहे त्याने) दवाखान्यातच बाळाबरोबर राहून सगळं स्वतः करावं. सिस्टर शेजारी असताना झालेली चूक जागच्या जागी सुधारते. या काळात पुढची कामं स्वतःच्या हातांनी करून दाखवा, नुसती बघू नका:

१. बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध मोजून भरणं आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडणं.
२. वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा बाटलीने, जे ठरलं असेल त्याने, पूर्ण वेळचं दूध पाजणं.
३. काखेत डिजिटल थर्मामीटर लावून तापमान घेणं.
४. बाळ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं.
५. श्वास थांबला तर काय करायचं, म्हणजे लहान बाळाचं सीपीआर, बाहुलीवर करून बघणं. हे वाचून येत नाही. घरात किमान दोघांना यायला हवं.

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की लगेच फाइलमध्ये ठेवू नका. डॉक्टरांसमोर बसून वाचा. त्यात जन्माच्या वेळचे आठवडे, जन्माचं आणि निघतानाचं वजन, डोक्याचा घेर, श्वासाच्या यंत्रावरचे आणि ऑक्सिजनचे दिवस, रक्त दिलं असेल तर तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन, मेंदूच्या सोनोग्राफीचे निष्कर्ष, डोळ्यांची आणि कानांची तपासणी, थायरॉइडची चाचणी आणि दिलेल्या लसी हे सगळं असायला हवं. थायरॉइडची चाचणी एकदाच झाली असेल तर पुन्हा करायची का, हे विचारा. लवकर जन्मलेल्या बाळांत पहिली चाचणी नॉर्मल येऊन दोष नंतर दिसू शकतो. फोनवर फोटो काढून ठेवा, कारण रात्री दोन वाजता दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना याच कागदावरून सगळं कळणार असतं.

औषधं: मिलिलिटरमध्येच लिहून घ्या

बहुतेक बाळांना ड जीवनसत्त्व आणि लोह सुरू असतं. काहींना कॅल्शियम-फॉस्फरस, काहींना कॅफिन. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि त्यांचं कारण एकच असतं: बाटली बदलली की औषधाची तीव्रता बदलते. समजा २ किलोच्या बाळाला दर किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ४ मिलिग्रॅम लोह द्यायचं आहे. ज्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १० मिलिग्रॅम लोह आहे, त्यातून ०.४ मिली लागेल. १ मिलीत २५ मिलिग्रॅम असेल तर ०.१६ मिलीच पुरे. दुसऱ्या बाटलीतूनही सवयीने ०.४ मिली दिलं, तर बाळाच्या पोटात अडीचपट लोह गेलं. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. रोजचा डोस बहुधा ४०० युनिटचा असतो, पण काही बाटल्यांत ते १ मिलीत असतं, काहींत अर्ध्या मिलीत, तर काहींत एकाच थेंबात.

त्यामुळे 'अर्धा ड्रॉपर', 'पाच थेंब' असं लिहून घेऊ नका. औषधाचं नाव, तीव्रता, किती मिली आणि किती वाजता, इतकं लिहून घ्या. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. ०.५ आणि ५ यांतला दशांश चिन्हाचा ठिपका घाईत दिसत नाही, म्हणून १ मिलीचीच सिरिंज घरात ठेवा. तिच्यात ५ मिली मावतच नाही. वजन वाढलं की डोसही वाढवावा लागतो, हे प्रत्येक भेटीत विचारा. लोह सुरू असताना शी काळसर-हिरवी होते, ते घाबरण्यासारखं नाही. औषध सगळ्या दुधात मिसळून देऊ नका. दूध उरलं तर किती औषध पोटात गेलं ते कळत नाही.

दूध

या बाळांबाबत सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे त्यांचं शांत असणं. दिवस पूर्ण भरलेलं बाळ भुकेने रडून घर डोक्यावर घेतं. हे बाळ उपाशीही झोपून राहतं, आणि उपाशी राहिलं की आणखी गळून झोपतं. म्हणून रडण्याची वाट न पाहता दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठवून पाजायचं. हा नियम कधी सैल करायचा हे वजन बघून डॉक्टर ठरवतील.

किती पाजायचं याचा अंदाज वजनावरून येतो. साधारण १५० ते १८० मिली दर किलोला, दिवसभरात. २ किलोच्या बाळाला दर किलोला १६० मिलीने ३२० मिली होतात; आठ वेळा पाजत असाल तर प्रत्येक वेळी ४० मिली. तुमच्या बाळाचा आकडा कार्डावर असेल, तोच धरा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मोजता येत नाही, तिथे २४ तासांत सहा ते आठ वेळा लंगोट ओला होणं आणि वजन वाढणं हेच माप. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पण रोज वजन करत बसू नका. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी आणि उघड्या अंगाने करा. काटा बदलला की शंभर ग्रॅमचा फरक सहज दिसतो आणि घरात विनाकारण रडारड होते.

पाजताना बाळाकडे बघा, वाटीकडे नको. ओठांच्या कडेने दूध गळायला लागलं, बोटं फाकली, कपाळावर आठी आली, उचकी लागली किंवा तोंडाभोवती निळसर छटा आली, तर ते दमलंय. दूध थांबवा, सरळ धरा, चारदोन श्वास नीट घेऊ द्या, मग पुन्हा सुरू करा. बाटलीने पाजत असाल तर बाळाला थोडं कुशीवर आणि डोकं उंच ठेवून धरलं की दूध एकदम घशात उतरत नाही. एक वेळचं पाजणं अर्ध्या तासाहून लांबू लागलं तर दुधातून मिळालेली शक्ती पिण्यातच खर्च होते. असं रोज होत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं. उकाडा जास्त असेल तर त्याहून कमी. फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागच्या बाजूला, ठेवा. इतक्या लहान बाळासाठी अनेक दवाखाने ४८ तासांत संपवायला सांगतात. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. कोमट करायला डबा गरम पाण्याच्या भांड्यात धरा. मायक्रोवेव्ह नको, कारण त्यात दूध कुठे गार राहतं आणि कुठे चटका बसेल इतकं तापतं. वर साय धरली असेल तर डबा हलकेच गोल फिरवून ती मिसळून घ्या, नाहीतर नेमका स्निग्ध भाग डब्यालाच चिकटून राहतो. एकदा कोमट केलेलं दूध दोन तासांत वापरा, उरलेलं टाकून द्या.

आईच्या दुधात मिसळायची फोर्टिफायरची पूड किंवा पावडरचं दूध सांगितलं असेल तर प्रमाणात स्वतःच्या मनाने काहीही बदल करू नका. घट्ट केलं तर पोट बिघडतं, पातळ केलं तर वजन थांबतं. पाणी, मध, काढे, घुट्टी यांतलं काहीही नको.

ऊब

काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असावं. पहिला आठवडा दिवसातून दोन-तीनदा घ्या. थर्मामीटर लावण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय बघण्याची सवय लावून घ्या. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर थंडी लागायला सुरुवात झाली आहे. दोन्ही गार म्हणजे धोका.

३६.५ च्या खाली गेलं तर ओला लंगोट बदला, टोपी आणि मोजे घाला, बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून धरा आणि वरून पांघरूण घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. चढत नसेल किंवा ३६ च्या खाली असेल तर दवाखान्यात न्या. गरम पाण्याची पिशवी, अंगाजवळ हीटर, बल्ब यांतलं काहीही नको. पातळ कातडी क्षणात भाजते. थंड पडणारं बाळ दुधातली ताकद अंग गरम ठेवण्यात घालवतं, म्हणून 'दूध नीट पितंय तरी वजन वाढत नाही' या तक्रारीत पहिल्यांदा खोलीचं तापमान बघा. खोली साधारण २५ अंशांच्या आसपास, वाऱ्याच्या झोतापासून दूर असावी. उलटपक्षी कपड्यांचे थरावर थरही घातक. मान घामेजली, चेहरा लाल झाला तर एक थर काढा आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजा.

अंघोळीची घाई करू नका. वजन साधारण अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने, एका वेळी शरीराचा एकच भाग उघडा करून पुसणं पुरतं.

कांगारू पद्धत घरीही चालू ठेवा. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. उभं, आईच्या स्तनांच्या मध्ये, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले. हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दबते, त्यामुळे वरून चेहरा दिसत राहील असंच बांधा. एका बैठकीत किमान तासभर, कारण वारंवार आतबाहेर केल्याने बाळ दमतं. वडील, आजी, मावशी कोणीही करू शकतं. धरणाऱ्याला झोप अनावर झाली तर बाळ दुसऱ्याकडे द्या. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन डुलकी लागणं फार धोक्याचं आहे. बाळ चुळबुळ करून बाहेर यायला बघू लागलं की समजा, त्याची गरज संपत आली.

झोप

एनआयसीयूत बाळाला पालथं झोपवलेलं तुम्ही पाहिलं असेल. तिथे मॉनिटर होता. घरी प्रत्येक झोप उताणी, सपाट आणि टणक गादीवर, आईवडिलांच्याच खोलीत पण वेगळ्या पाळण्यात किंवा गादीवर. उशी, लोड, मऊ खेळणी, सैल पांघरूण नको. अचानक झोपेत दगावण्याचा धोका लवकर जन्मलेल्या बाळांत जास्त असतो आणि पालथं झोपवणं, धूम्रपानाचा धूर आणि मोठ्यांच्या अंथरुणात झोपणं यांनी तो आणखी वाढतो. दूध वर येतं म्हणून गादी तिरकी करू नका. बाळ घसरून मान दुमडते. पाजल्यावर २०–३० मिनिटं उभं धरा, ढेकर काढा, मग सपाट झोपवा.

पहिल्या काही रात्री बाळ घरच्या शांततेत आणि अंधारात अस्वस्थ होऊ शकतं, कारण त्याने आजवर सतत उजेड आणि आवाजच अनुभवलेला असतो. मंद दिवा, हलका आवाज ठेवा आणि काही दिवसांत तो कमी करत जा.

श्वास

मिनिटाला ३० ते ६० श्वास नेहमीचे. थोडे भरभर श्वास, मग पाच-दहा सेकंदांची थांब, पुन्हा श्वास, आणि यात रंग बदलत नसेल, तर घाबरू नका. अशी लय या बाळांत दिसते. २० सेकंदांची थांब, किंवा त्याहून कमी वेळाची पण सोबत निळं, पांढरं किंवा लुळं पडणं, हा अॅप्निया. तळपायावर टिचकी मारा, पाठ चोळा, नाव घेऊन उठवा. गदागदा हलवू नका. श्वास आला तरी लगेच दवाखाना. नाही आला तर शिकलेलं सीपीआर सुरू करा आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. नुसते हातपाय गार आणि निळसर असतील तर बहुधा थंडी असते. ओठ आणि जीभ निळी असेल तर ऑक्सिजन कमी पडतोय.

घरी ऑक्सिजन दिला असेल तर स्वयंपाकाचा गॅस, दिवा, सिगारेट यांपासून किमान दोन मीटर दूर राहा आणि चेहऱ्यावर व्हॅसलीनसारखं तेलकट मलम लावू नका. वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) बंद पडतो, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ हवाच. तो किती तास पुरेल हे देणाऱ्याकडून तुमच्या प्रवाहाच्या हिशेबाने लिहून घ्या. ऑक्सिजन कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय घरी घ्यायचा नसतो.

डोळ्यांची तारीख

आरओपी हा डोळ्याच्या पडद्यावरच्या अपुऱ्या वाढलेल्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. बाळ लवकर जन्मलं की त्या वाहिन्यांची वाढ अर्धवट राहते आणि पुढे त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढू शकतात. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, बाळ दिव्याकडे बघतं, तरी आत आजार वाढत असू शकतो. पहिली तपासणी सहसा जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास होते आणि नंतर दर एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही लवकर. उपचार लागणार असं ठरलं तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांच्या आत व्हावं लागतं. 'या आठवड्यात जमत नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ' असं म्हणायला इथे जागा नाही. गेलेली दृष्टी नंतर परत आणता येत नाही.

जाताना बाळाला अगदी पोटभर पाजून नेऊ नका. तपासणीत उलटी होते. किती वेळ आधी पाजायचं ते विचारून ठेवा. डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब पुन्हा पुन्हा घालावे लागतात आणि तासभर सहज जातो, तेव्हा टोपी, दुपटं, पुढचं दूध बरोबर असू द्या. घरी आल्यावर पापण्या सुजलेल्या, डोळे लाल दिसतील, ते उतरतं. मात्र त्या दिवशी आणि रात्री श्वासावर जास्त लक्ष ठेवा. दरवेळी निघताना तीन गोष्टी कागदावर घ्या: झोन (आजार पडद्याच्या कोणत्या भागात आहे), स्टेज (तो किती वाढलाय) आणि पुढची तारीख. रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्या असं डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर या फेऱ्या संपत नाहीत. इंजेक्शन दिलं असेल तर आजार काही महिन्यांनी उलटू शकतो, म्हणून तिथे पाठपुरावा जास्त लांबतो.

कानांसाठी एबीआर चाचणी करून घ्या, जिला बेरा असंही म्हणतात. आवाज कानातून मज्जातंतूने पुढे मेंदूकडे जातो का, हे ती बघते. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला फक्त ओएई, म्हणजे नुसता आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे बघणारी चाचणी, पुरेशी नाही. कान आवाज पकडतो पण मज्जातंतू तो पुढे नेत नाही, हा दोष तिच्यातून निसटतो. दोष असेल तर निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपाय सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावा.

लसी आणि माणसं

लसीची तारीख जन्मतारखेवरून मोजा, करेक्टेड वयावरून (आधी आलेले आठवडे वजा करून काढलेल्या वयावरून) नाही. डोसही पूर्णच, लहान आहे म्हणून अर्धा नाही. रोटाव्हायरसच्या पहिल्या डोसला वयाची कमाल मर्यादा असते आणि ती लांब मुक्कामात दवाखान्यातच ओलांडली जाऊ शकते, म्हणून निघण्याआधी विचारा. जन्मवजन २ किलोपेक्षा कमी असेल तर हिपॅटायटिस बीचा जन्माच्या वेळचा डोस धरायचा की नाही, हेही विचारा. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळत असेल तर ते कधी द्यायचं, हा प्रश्न यादीत असू द्या. घरच्या मोठ्यांनी फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस घ्यावी.

पहिले दोन-तीन महिने भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणा. वाईटपणा येईल, तो घ्या. सर्दी-खोकला असलेला कोणीही खोलीत नको. घरातल्याच माणसाला सर्दी झाली तर मास्क आणि साबणाने हात धुणं. मुका कोणीच घ्यायचा नाही. थोरल्या भावंडाला हात धुऊन पायाला हात लावू द्या, त्याला अगदी दूर ठेवलं तर त्याचाही जीव तुटतो.

लगेच निघायचं कधी

३८ अंशांवर ताप, किंवा ऊब देऊनही न चढणारं तापमान. लागोपाठ दोन वेळा दूध न घेणं. मिनिटाला ६० च्या वर टिकून राहणारे श्वास, फासळ्यांखाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं. हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, शीमध्ये रक्त. आठ तासांत लंगोट ओला नाही. झटके. तळव्यांपर्यंत आलेला पिवळेपणा. जांघेतली गाठ या बाळांत अनेकदा रडताना दिसते आणि शांत झाल्यावर आत जाते, तशी असेल तर तारीख घेऊन दाखवा. ती कडक झाली, आत जाईना आणि बाळ ओकायला लागलं तर त्याच क्षणी निघा. आणि नेमकं काही सांगता येत नसलं तरी 'आज बाळ नेहमीसारखं नाही' असं आईला वाटत असेल, तर ते पुरेसं कारण आहे. जंतुसंसर्गाची सुरुवात बऱ्याचदा अशीच असते.

पुढचे महिने

बाळ पूर्ण ४० आठवड्यांच्या किती आठवडे आधी आलं ते खऱ्या वयातून वजा केलं की करेक्टेड वय मिळतं. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं की त्याचं करेक्टेड वय सुमारे पावणेतीन महिने. हसणं, मान धरणं, पालथं पडणं, वजन-उंचीचा आलेख हे सगळं दोन वर्षांपर्यंत याच वयाने बघा. बाळाला ओळखीचं हसू करेक्टेड दोन महिन्यांच्या आसपास येतं. तीन महिने उलटूनही ते आलं नाही, एक हात सतत मुठीत राहतो किंवा पाय कात्रीसारखे ताठ होतात, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी लागू पडते. जागेपणी, कोणीतरी समोर असताना दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं पालथं ठेवा. वॉकर नको.

रात्रीच्या पाळ्या पहिल्याच दिवशी लावून घ्या, म्हणजे प्रत्येकाला सलग चार-पाच तास झोप मिळेल. आईला दूध काढायला उठावं लागलं तर पाजणं आणि धुणं-पुसणं दुसऱ्याने करावं. बाळ बरं असूनही आईला दोन आठवड्यांहून जास्त रडू येत राहिलं, झोप मिळत असूनही लागेना, बाळाला हात लावायची भीती वाटू लागली किंवा स्वतःचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शेवटचं असेल तर त्याच दिवशी. लांब मुक्कामानंतर हे वडिलांच्या बाबतीतही होतं, आणि त्यांना सहसा कोणी विचारत नाही.